चुना किती घालायचा, हे रसाला विचारा

संकेश्वरच्या बाजूच्या, हिरण्यकेशीकाठच्या एका तरुणाने प्रश्न विचारला आहे. वडिलांचं गुऱ्हाळ त्याने गेल्या हंगामापासून हाती घेतलं. नेहमीच्या वाटीने उसाच्या रसात चुना घातला की गूळ काळपट उतरतो. वाटी कमी भरली तर रंग बरा येतो, पण महिनाभरात गूळ मऊ पडून पाझरायला लागतो. दुकानदाराने फॉस्फोरिक आम्ल वापरायला सांगितलं, शेजारच्या गुऱ्हाळवाल्याने धुण्याचा सोडा, आणि तिसऱ्याने रंग फिका करणारी हायड्रोस पावडर. त्याने विचारलंय, "आम्ल घालू की अल्क? दोन्ही थोडं थोडं घातलं तर चालेल का? आणि मऊ पडलेले चाळीस रवे (गुळाच्या ढेपा) घरात आहेत, त्यांचं काय करू?"

मी ३१ वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासत होतो. निवृत्तीनंतर चिकोडी, हुक्केरी, निपाणी भागातल्या ओळखीच्या गुऱ्हाळांवर जाऊन बसतो. प्रत्येक हंगामात हा प्रश्न कुणीतरी विचारतंच, म्हणून जरा लांबून सांगतो.

काळपट गूळ आणि पाझरता गूळ हे तुम्हाला दोन उलटे दोष वाटतात. एकाला चुना जास्त झाला, दुसऱ्याला कमी पडला, म्हणजे मधली वाटी सापडली की झालं, असा तुमचा हिशोब आहे. पण दोन्ही दोष एकाच साखळीतले आहेत. रस आंबट असला की साखर फुटते आणि गूळ मऊ होतो. त्या फुटलेल्या साखरेवर चुना जास्त पडला की ती काळी पडते. आधी फुटायची आणि मग जळायची, असा तो क्रम आहे. त्यामुळे एकाच आदणात (एका वेळी उकळायला घेतलेल्या रसात) दोन्ही दोष एकदम येऊ शकतात, आणि तुमचा गुळव्या (गूळ शिजवणारा) कितीही जाणता असला तरी ठरावीक वाटीने हे आवरता येत नाही.

तुमचा ऊस कोणत्या जातीचा, तोडून किती तास झालेला, पाणी नदीचं की विहिरीचं, चुलवाणाची धग कशी, यातलं मला इथून काही दिसत नाही. तेव्हा "हजार लिटरला इतका चुना" असा आकडा मी देणार नाही. तो आकडा तुमच्या रसातून कसा काढायचा ते सांगतो.

उसाचा ताजा रस जिभेला गोड लागला तरी तो आम्लधर्मीच असतो. पीएचच्या मापात साधारण ५.२ ते ५.५. पीएच ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर अल्क. रसात मुख्यतः अॅकोनिटिक आम्ल असतं, बाकीची सेंद्रिय आम्लं थोडी थोडी. आपल्याकडे एक समज आहे की अथणी-कागवाडच्या काळ्या रानातला ऊस 'खारा', म्हणून त्याचा रस अल्कधर्मी, आणि खानापूरच्या तांबड्या मातीतला आंबट. मी दोन्हीकडचा रस तपासला आहे. जमिनीचा पीएच रसात तसाच उतरत नाही. खारवट रानातल्या उसाच्या रसात क्षार जास्त असतात, गूळ खारट लागतो आणि लवकर ओल धरतो हे खरं, पण तोही रस आम्लधर्मीच असतो. चुना त्यालाही लागतो. चुन्याने रसातले ते क्षार मात्र निघत नाहीत.

पीएचच्या मापाची एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. हे माप १९०९ साली डेन्मार्कच्या सोरेन्सन यांनी कोपनहेगनमधल्या एका बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत बसवलं, म्हणजे त्याचा जन्म आपल्यासारख्याच अन्नाच्या धंद्यात झाला. या मापात एक अंक खाली आला की आम्लता दहापट होते, आणि अर्धा अंक खाली आला तर तिपटीहून थोडी जास्त. कागदावर ५.३ आणि ४.८ हे आकडे जवळजवळ वाटतात, पण काहिलीत, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईत, त्या दोघांत तिपटीचं अंतर आहे.

आता साखर फुटते म्हणजे काय ते पाहू. उसाच्या साखरेचा रेणू ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांचा जोड आहे. गरम पाणी आणि आम्ल भेटलं की हा जोड सुटतो, आणि ३४२ ग्रॅम साखर १८ ग्रॅम पाणी घेऊन ३६० ग्रॅम ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. या क्रियेत आम्ल खर्ची पडत नाही. ते जोड सोडवतं आणि पुढच्या रेणूकडे वळतं. त्यामुळे थोडंसं आम्लही तासभर उकळत्या रसात पुष्कळ नासधूस करतं. १८५० मध्ये विल्हेल्मी नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने नेमकी हीच क्रिया घेऊन रासायनिक क्रियेचा वेग पहिल्यांदा मोजला, आणि आम्ल वाढवलं की वेग वाढतो हे दाखवून दिलं. रसायनशास्त्राची एक मोठी शाखा तुमच्या काहिलीत चालणाऱ्या क्रियेवरून सुरू झाली, याचा मला आजही आनंद वाटतो.

साखरेचे कण बसतात, म्हणून गुळाला दाणा आणि टणकपणा येतो. ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढले की ते या कणांना बसू देत नाहीत, आणि फ्रुक्टोज तर हवेतली ओल ओढून घेतं. पाक ११६ ते ११८ अंशांवर बरोबर उतरवला, पाण्यातली गोळी नीट वळली, तरी पावसाळी हवा सुटली की तोच रवा घाम फुटल्यासारखा ओला होतो. त्यावर लोक गुळव्याला बोल लावतात, पण त्या पाकातली बरीच साखर चुलीवर चढायच्या आधीच फुटलेली असते.

आधीच म्हणजे कुठे? रानात. तीन वर्षांपूर्वी चिकोडी तालुक्यातल्या एका गुऱ्हाळावर मी एकाच फडातल्या दोन गाड्यांचा रस तपासला. एक गाडी सकाळी तोडलेली, दुसरी तीन दिवस बांधावर उन्हात पडलेली. पहिल्या रसाचा पीएच ५.३ आला, दुसऱ्याचा ४.८. तोडलेल्या उसात विकरं (एन्झाइम) साखर फोडत राहतात, आणि कापलेल्या टोकांतून शिरलेले जिवाणू ती आंबवून आम्लं तयार करतात. गुळव्याने दोन्ही आदणांना एकच वाटी चुना घातला. पहिल्याचा गूळ पिवळाधमक उतरला. दुसऱ्याची मळी (उकळताना वर येणारा घाणीचा थर) नीट आली नाही, तेव्हा त्याने अंदाजाने आणखी अर्धी वाटी घातली, तोवर फुटलेली साखर रसात भरपूर होती, आणि गूळ काळाही झाला आणि मऊही राहिला. तो गुळव्या चाळीस वर्षं हेच काम केलेला जाणता होता. चुन्याला 'सुण्ण' म्हणणारा, कानडी-मराठी दोन्ही सफाईने बोलणारा तो माणूस मला म्हणाला, "साहेब, रस माझ्याशी खोटं बोलला." मी त्याला सांगितलं, रस खरंच बोलला होता, पण ते आपण ऐकलं नाही.

चुना काय करतो? तो दोन कामं करतो. पहिलं उदासिनीकरण. विझवलेला चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. तो आम्लाशी भेटला की क्षार आणि पाणी तयार होतं, आम्लता घटते आणि साखर फुटायची थांबते. पीएच ५.३ वरून ६.३ वर आणला तर फुटण्याचा वेग साधारण दहाव्या हिश्शावर येतो. दुसरं काम मला जास्त मोलाचं वाटतं. चुन्यातलं कॅल्शियम रसातल्या फॉस्फेटला धरतं, कॅल्शियम फॉस्फेटचे मऊ, पिसासारखे पुंजके होतात, आणि ते पुंजके रसातली प्रथिनं, मेण, बारीक माती गुंडाळून वर आणतात. भेंडीच्या खोडाचा चिकट रस त्याच पुंजक्यांना एकत्र बांधतो. मळीचा जाड थर येतो तो यामुळे. धुण्याच्या सोड्याने आम्लता घटते, पण हे पुंजके होत नाहीत, आणि सोड्यातलं सोडियम सगळंच्या सगळं गुळात राहतं. चव मचूळ होते आणि ओल धरते. शेजाऱ्याचा सल्ला सोडून द्या.

मग पीएच सरळ ७ वर किंवा वर का नेऊ नये? कारखान्यात आम्ही ७ च्या आसपास नेत होतोच. पण कारखान्यात साखरेचे दाणे वेगळे काढतात आणि रंग, फुटलेली साखर, क्षार हे सगळं काळ्या पाकात बाजूला जातं. त्याला तिथे मळी म्हणतात, ती तुमच्या गुऱ्हाळातल्या मळीहून वेगळी. गुऱ्हाळात असं काही बाजूला जात नाही, काहिलीत जे राहिलं ते सगळं रव्यात येतं. आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज अल्कात तापले की तुटतात, त्यातून तपकिरी रंगद्रव्यं होतात आणि पुन्हा नवी आम्लंही होतात. म्हणून जास्त चुना घातलेल्या रसाचा पीएच उकळताना आपोआप उतरतो. तो उतरलेला पाहून काही जण पुन्हा चुना घालतात. मग साखर आणखी तुटते, रंग आणखी गडद. उसातली फेनॉलसारखी द्रव्यंही अल्कात पिवळी-तपकिरी होतात, जशी हळद चुन्याने लाल होते. काहील लोखंडी असेल तर तीच द्रव्यं लोखंडाशी जुळून हिरवट काळा रंग देतात. गुळासाठी ६.२ ते ६.५ हा पट्टा मी धरतो. त्याखाली साखर फुटते, त्यावर रंग जातो.

इथवरचं थोडक्यात असं. ऊस शिळा असेल तर आम्ल जास्त आणि फुटलेली साखरही जास्त. चुना आम्ल घटवतो, पण फुटलेली साखर पुन्हा जोडत नाही. म्हणून शिळ्या उसाला चुना जास्त लागतो आणि सोसतो मात्र कमी. या पेचातून चुन्याने वाट निघत नाही. ऊस तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत घाण्यात घालणं, एवढंच त्यावर औषध आहे. तोडणी आणि आदण यांची गाठ बसवा, मग पुढचं वाचा.

चुन्याचं माप काढायची माझी रीत अशी. ताजी चुनकळी आणा, ती विझवा, आणि थोडा विझवलेला चुना बाटलीभर थंड पाण्यात ढवळून झाकण लावून रात्रभर ठेवा. वरची स्वच्छ निवळी घ्या. खाली चुना शिल्लक आहे तोवर निवळीची ताकद आपोआप ठरलेली असते, लिटरला साधारण दीड ग्रॅम. चुना साखरेच्या उलटा वागतो, तो गरम पाण्यात कमी विरघळतो, म्हणून पाणी थंडच घ्यायचं. आता एक लिटर रस भांड्यात घ्या आणि इंजेक्शनच्या सुई नसलेल्या पिचकारीने वीस-वीस मिलिलिटर निवळी घालत, ढवळत, प्रत्येक वेळी पीएचचा कागद बुडवून पाहा. ६.३ च्या जवळ आला की थांबा. समजा १६० मिलिलिटर निवळी लागली, तर तो साधारण पाव ग्रॅम चुना झाला. म्हणजे हजार लिटरच्या आदणाला सुमारे २४० ग्रॅम विझवलेला कोरडा चुना. हे उदाहरण आहे, तुमचा आकडा तुमचा रस सांगेल. आदणासाठी निवळी वापरू नका, पाणी फार वाढेल आणि चिपाड जास्त जळेल. तेवढा चुना तोलून दोन-तीन लिटर पाण्यात दुधासारखा कालवा, फडक्यातून गाळा, आणि रस कोमट असतानाच, दोन वेळा विभागून, ढवळत घाला. मग भेंडी. पाक दाटल्यावर चुना घालू नये. तेव्हा तो सारखा मिसळत नाही आणि जिथे पडतो तिथे साखर करपते.

कागदाबद्दल सांगायचं तर शाळेतला लिटमस इथे उपयोगाचा नाही, त्याचा रंग फार ऐसपैस पट्ट्यात बदलतो. कारखान्यात आम्ही ब्रोमोथायमॉल ब्लूचा कागद वापरत होतो. तो ६ ला पिवळा, ७.६ ला निळा, मध्ये हिरवा. गुळासाठी पिवळ्यात हिरवी झाक आली की पुरे. तो मिळाला नाही तर अर्ध्या-अर्ध्या अंकाचे रंग दाखवणारी पट्टी घ्या. रस चमच्यात थंड करून मगच पट्टी बुडवा. आणि घरच्या हळदीत बुडवून वाळवलेला कागद जवळ ठेवा. तो लाल झाला तर पीएच ८ च्या पुढे गेला, म्हणजे आदण हातचं जायला लागलं असं समजा.

तुमची वाटी का फसते याचं आणखी एक कारण चुन्यातच आहे. उघड्यावर ठेवलेला विझवलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होत जातो. त्याच्यावर साय धरते ती हीच. दिवाळीनंतर विझवलेल्या चुन्याची वाटी आणि त्याच डब्यातली शिमग्याची वाटी यांची ताकद एक नसते. पारख सोपी आहे. चिमूटभर चुन्यावर लिंबू पिळा. फसफसला तर त्यात चुनखडी झाली आहे. डबा घट्ट झाका आणि पंधरा दिवसांना पुरेल एवढाच चुना विझवा. रंगकामाचा चुना घेऊ नका, त्यात काय मिसळलंय ते आपल्याला कळत नाही.

फॉस्फोरिक आम्लाबद्दल दुकानदार पूर्ण चुकीचा नाही. रसात फॉस्फेट कमी असेल तर चुना घालूनही पुंजके होत नाहीत. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद (फॉस्फरस) अडकून बसतो, त्यामुळे असा रस कधी कधी मिळतो. पण आधी पाहा. चुना घातलेला गरम रस काचेच्या ग्लासात घेऊन पाच मिनिटं स्थिर ठेवा. पुंजके वेगळे होऊन मधला रस पारदर्शक दिसला, तर फॉस्फोरिक आम्लाची गरज नाही. गढूळच राहिला तर खाण्याच्या दर्जाचं आम्ल, तेही चुन्याच्या आधी, आणि मग चुन्याचं माप नव्याने काढायचं. खताचा सुपर फॉस्फेट काहिलीत टाकणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. त्यात फ्लोराइड आणि इतर नको असलेली द्रव्यं असतात, आणि तो गूळ कुणाच्या तरी लेकराच्या पोळीवर जातो.

'दोन्ही थोडं थोडं' याचं उत्तर इथेच आलं. फॉस्फेटसाठी ठरवून आम्ल घालणं वेगळं. चुना जास्त झाला म्हणून आम्ल, आम्ल जास्त झालं म्हणून सोडा, असं केलंत तर दोघं एकमेकांना संपवतात आणि मागे नुसता क्षार राहतो, जो गुळाला खारट आणि ओलसर करतो. शिवाय सोडा आणि आम्ल भेटले की कार्बन डायऑक्साइड सुटतो. उकळत्या काहिलीत तो फेस क्षणात काठावर येतो आणि शेजारी उभ्या माणसाचे पाय भाजतात.

हायड्रोसला माझा सरळ विरोध आहे. ते सोडियम डायथायोनाइट. रंगद्रव्यांतला ऑक्सिजन ओढून ते रंग फिका करतं, पण रंगद्रव्यं तिथेच असतात. हवा लागली की काही आठवड्यांत रंग परत येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हायड्रोस हवेशी आणि पाण्याशी भेटून स्वतः आम्लधर्मी क्षारांत बदलतं. म्हणजे तुम्ही चुन्याने घटवलेली आम्लता ते परत आणतं आणि साखर पुन्हा फुटू लागते. रंगासाठी घातलेली पावडर गूळ मऊ करते. त्यातून सुटणाऱ्या गंधकाच्या वायूने दम्याच्या माणसाला त्रास होतो, ते वेगळंच.

चुनकळी विझवताना घाई करू नका. मोठ्या लोखंडी पिंपात पाणी आधी घ्यायचं आणि कळी त्यात थोडी थोडी सोडायची. ढिगावर पाणी ओतायचं नाही. उष्णता इतकी सुटते की पाणी उकळून अंगावर उडतं. एका गुऱ्हाळावर माझ्यासमोर एका मजुराच्या डोळ्यात तो शिंतोडा गेला. कुणीतरी लिंबू आणायला धावलं, कारण अल्कावर आम्ल हा हिशोब सगळ्यांना पाठ. मी त्याला अडवलं. डोळ्यात उदासिनीकरण करायचं नसतं, जखमेवर आणखी जखम होते. लगेच स्वच्छ पाण्याची धार वीस-तीस मिनिटं सोडायची, चुन्याचे कण त्या धारेनेच निघू द्यायचे, आणि धार चालू असतानाच दवाखान्याची गाडी बोलवायची. आम्लापेक्षा अल्काची डोळ्याला जास्त भीती असते. आम्लाने वरचा थर गोठतो आणि काही अंशी अडसर होतो. अल्क मेद आणि प्रथिनं विरघळवत आत शिरतो. त्या माणसाची नजर वाचली. तेव्हापासून मी ज्या गुऱ्हाळावर जातो तिथे डोळे झाकणाऱ्या चष्म्यांचे चार जोड ठेवायला लावतो.

राहिले तुमचे चाळीस रवे. ते पुन्हा वितळवून चुना घालू नका. फुटलेली साखर जुळणार नाही आणि रंग मात्र जाईल. वास आंबूस नसेल, बुरशी नसेल, तर कोरड्या खोलीत फळीवर, कागदात गुंडाळून ठेवा आणि मिरगाचा पाऊस यायच्या आत विका. मऊ गूळ चिक्कीला चालत नाही, पण पुरणाला, लाडवाला घरगुती गिऱ्हाईक तो घेतं, आणि भाव कमी सांगून खरं कारण सांगितलं तर पुढच्या हंगामातही तेच गिऱ्हाईक येतं. पुढचं आदण लावाल तेव्हा तीन गोष्टी वहीत लिहा: ऊस तोडल्याची वेळ, कच्च्या रसाचा पीएच, आणि एक लिटरला लागलेली निवळी. दहा आदणांचे आकडे जमले की इथेच टाका, मग आपण तुमच्या रानापुरतं माप बसवू.